तिवरा, गुरं आणि ऐकण्याची कला

आमच्या स्वावलंबी जीवनाची सुरुवात खरेदीने झाली. नवऱ्याने गमबूट घेतले, दोन विळे, एक कुदळ, बांबूची रुंद टोपी आणि एक पितळेची घंटा. घंटा कशाला, असं मी विचारलं.

"सकाळी सगळ्यायले उठवाले," तो म्हणाला.

ज्या सहा कुटुंबांना उठवायचं होतं त्यांतली पाच शहरातच राहून दर रविवारी गाडीतून येऊन स्वावलंबी होणार होती. त्यामुळे घंटा वाजे ती माझ्यासाठी आणि गावातल्या कुत्र्यांसाठी. कुत्री माझ्याआधी उठत.

नवा रायपुरचे रुंद रिकामे रस्ते संपले की एक साधा रस्ता लागतो, त्याच्या टोकाला गाव आहे. गावाच्या तळ्याअलीकडे सहा कुटुंबांनी मिळून घेतलेली आमची सामाईक जमीन आणि दोन खोल्यांचं घर. रायपुरच्या चौबे कॉलोनीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही तिघं इथे राहायला आलो: नवरा, मी आणि सासूबाई. नवरा रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाला होता. मी सरकारी कॉलेजात ग्रंथपाल होते. शेतीवरची पुस्तकं मी तीस वर्षं दिली-घेतली. परत आलेल्या एकाही पुस्तकाला कधी मातीचं बोट लागलेलं दिसलं नाही, त्यावरून या विषयावर मी माझं मत बनवलं होतं.

समूहाला जमिनीच्या आधी अध्यक्ष मिळाले. ते नवा रायपुरातल्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होते, मूळचे पुण्याकडचे. त्यांचं मराठी ऐकताना कुणी बातम्या वाचतंय असं वाटायचं. आमच्यासारखी, ज्यांच्या आज्या-पणज्या विदर्भातून इथे आल्या आणि ज्यांची पोरं आता मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात, अशी माणसं त्यांच्यापुढे आपोआप ताठ बसत. "आपल्याला केवळ शेती करायची नाही," ते म्हणत, "आपल्याला एक संवेदनशील समुदाय उभा करायचा आहे." बांधावर त्यांनी पाटी लावली. तिच्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सबका स्वागत है'. पाटीपाशी फाटक नव्हतं. फाटक आपल्या विचारांत बसत नाही, असं ते म्हणाले.

नवऱ्याला मात्र समुदाय वगैरे नको होता. त्याला एक ताट हवं होतं.

सासूबाईंचं वय त्यांना स्वतःलाही नक्की ठाऊक नाही. ऐंशीच्या पुढे आहे एवढं खरं. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात सात-आठ वर्षांच्या असल्यापासून त्यांनी दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रोवणी केली, निंदण केलं, धान कापलं. लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आल्या, तरी सासरे गँगमध्ये रूळ बघायचे आणि या हंगामाला रायपुरच्या आसपासच्या शेतांत जायच्या. आयुष्यभर धान हाताखालून गेलं, पण बोटभर जमीन घराण्यात कधी नव्हती. नवरा निवृत्त झाला त्या दिवशी जेवताना आईला म्हणाला, "आई, पौष पौर्णिमेले तुले आपल्या वावरात जेवाले बसवतो. ताटातलं सारं आपलं राहीन."

सासूबाईंनी विचारलं, "मीठ?"

"मीठ सोडून."

"मंग सारं कसं?"

तो भात कालवत बसला. थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, "पण पाहू. आपलं कसं लागते ते मले बी पाहाचं हाय."

माझ्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. एवढ्या काळात या बाईने काही हवं असल्याचं कबूल केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणून मी फ्लॅटची किल्ली शेजारणीकडे दिली. स्वावलंबनावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता.

नवऱ्याने चूक एवढीच केली की ही गोष्ट रविवारच्या बैठकीत बोलून दाखवली. अध्यक्षांचे डोळे पाणावले. पंधरा दिवसांत घरातलं बोलणं छापील पत्रिकेवर आलं: पौष पौर्णिमेला 'पहिला घास' समारंभ, स्वतःच्या मातीतलं संपूर्ण भोजन, प्रमुख पाहुणे, सेल्फीसाठी जागा.

पावसाळ्यात आमच्या स्वावलंबनाला गावातल्या आठ बाया लागल्या. त्यांनी रोवणी केली आणि समूहाने फोटो काढले. सासूबाईंसाठी बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. त्या तिच्यात पाच मिनिटं बसल्या, मग उठून ओरडल्या, "ओ बाई, दाट लावून राहिली! हात मोकळा सोड!" ती बाई हसली आणि तिने हात मोकळा सोडला. दुपारपर्यंत खुर्चीत अध्यक्ष बसले होते आणि सासूबाई चिखलात होत्या.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा त्यांनी लेकाला तिवरा आणायला पाठवलं. तिवरा म्हणजे आमच्याकडची लाखोळी, एक कडधान्य. धान उभं असतानाच, माती ओली आहे तोवर, तिचं बी त्यात फेकून द्यायचं. नांगर नको, पाणी नको. धान कापलं की खाली हिरवा गालिचा तयार. थंडीत त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात, आणि रायपुरात त्या भाजीसाठी माणसं बाजारात भांडतात. त्या सकाळी सासूबाई पदरात बी घेऊन बांधाबांधाने चालल्या आणि मुठीने फेकत गेल्या. काठी त्यांनी माझ्या हातात दिली होती.

अध्यक्षांनी मोबाइलवर वाचून सांगितलं, "ह्याची डाळ फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणे."

"भाजी खाऊन राहिलो आम्ही, डाळ नाई," सासूबाई फेकत फेकत म्हणाल्या. "अन् माह्या पायाचं तुमी पाहू नका. खुर्ची सोडून चाला माह्यासंगं."

ते आले नाहीत. पलीकडच्या वाफ्यात समूहाने आपल्या आवडीचं लावलं होतं: ब्रोकोली, लेट्यूस, रोजमेरी. मिरच्यांची एक ओळ सासूबाईंनी हट्टाने लावून घेतली.

आता जे घडलं त्यात माझा हात आहे, म्हणून नीट सांगते.

धान कापून झालं त्या आठवड्यात गावचा पहटिया आमच्या अंगणात आला. पहटिया म्हणजे सगळ्या गावाची गुरं चारणारा माणूस. मोबदल्यात त्याला घरोघरचं ठरल्या दिवसाचं दूध मिळतं. उंच, सावकाश बोलणारा, पन्नाशीचा. मी हँडपंपावर भांडी घासत होते.

"दीदी, काली संझा गुड़ी म बइठका हे," तो म्हणाला. उद्या संध्याकाळी चावडीवर बैठक. "जम्मो खेत वाले मन ला आना हे." सगळ्या शेतवाल्यांनी यायचं.

"हव," मी म्हणाले. छत्तीसगढीत मला हा एक शब्द उत्तम येतो आणि त्यामुळे माझ्याविषयी बरेच गैरसमज होतात.

मला वाटलं, मंदिराची वर्गणी किंवा मेळ्याचं काहीतरी असेल. मी समूहाच्या व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. अध्यक्षांचं उत्तर आलं, "नोंद घेतली. उद्या त्याच वेळी आपली कार्यशाळा आहे. पुढच्या वेळी अवश्य जाऊ." खाली अकरा अंगठे उमटले, त्यातला एक माझा होता.

कार्यशाळा नवा रायपुरातल्या एका सभागृहात होती. विषय: 'ऐकण्याची कला: समुदाय घडताना'. शिकवणारे गृहस्थ बाहेरगावाहून विमानाने आले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "गावची बइठक हाय ना? एक जण तरी जा, नाई तं मी जाईन." "आई, तू आराम कर," असं म्हणून नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी जाऊ शकले असते. पण सभागृहात स्वच्छ बाथरूम होतं, गरम पाणी होतं, आणि पाच महिने हँडपंपावर काढल्यावर माणसाची तत्त्वं नळापाशी येऊन थांबतात. मी कार्यशाळेला गेले.

आम्ही गोल बसलो. मध्ये एक गुळगुळीत दगड फिरत होता. ज्याच्या हातात दगड त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी मनापासून ऐकायचं. दगड अध्यक्षांच्या हातात गेला आणि पाऊण तास तिथेच राहिला. माझ्याकडे आला तेव्हा मी म्हणाले, "मी ऐकतेय," आणि पुढे दिला. प्रशिक्षकांनी माझं कौतुक केलं.

त्याच वेळी पाच-सहा किलोमीटरवर गाव पिंपळाखाली गोल बसलं होतं. त्यांच्याकडे दगड नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी घंटेच्या आधी मला वेगळ्याच घंटा ऐकू आल्या. खिडकीतून पाहिलं तर शेतात गुरं होती. दहा-वीस नव्हे, गावातली सगळी. पाटीजवळच्या मोकळ्या जागेतून ती एकामागे एक शिस्तीत येत होती. 'सबका स्वागत है' त्यांनी मनावर घेतलं होतं. तिवरा आधी संपवून ती वाफ्यांकडे वळली. ब्रोकोली गेली, लेट्यूस गेला. एका पांढऱ्या गाईने रोजमेरी तोंडात घेतली, थोडा विचार केला आणि खाली टाकली. तिखट म्हणून मिरच्याही राहिल्या.

नवरा गमबूट घालून धावला. एका पायात बूट होता, एका हातात घंटा. तो घंटा वाजवत गुरांमागे, आणि गुरांना घंटेची सवय, म्हणून ती त्याच्याकडे प्रेमाने बघत चरत राहिली. बांधावर पहटिया काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"अरे भैया, हकालो इनको! फसल है हमारी!" नवरा ओरडला.

"फसल?" पहटियाला खरोखर नवल वाटलं. "बइठका म तो कोनो नइ बताइस." बैठकीत तर कुणी सांगितलं नाही.

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. धान निघालं की गाव बसतं. कुणाच्या शेतात काय उभं आहे ते ज्याने त्याने सांगायचं. जिकडे पेरलेलं असेल तिकडे गुरं जात नाहीत, तिकडे पहटिया राखतो. जिकडे कुणी बोललं नाही तिकडे गुरं मोकळी. तळ्यापलीकडच्या लोकांनी तिवरा पेरलाय असं सांगितलं, म्हणून ती बाजू बंद. तळ्याअलीकडची बाजू आमची. आमच्या बाजूने कुणी नव्हतंच. म्हणून अलीकडे मोकळं. त्यांनी वाटही पाहिली होती. "दू घाँव चाय होगे," तो म्हणाला. दोनदा चहा झाला, तरी कुणी आलं नाही.

"आता बंद करता नाही येणार का?" मी हिंदीत विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. कोटवार, म्हणजे गावचा दवंडीवाला, गावभर हाँका देऊन गेला होता. एकदा गाव बोललं की एका घरासाठी ते फिरत नाही.

नवरा अंगणात येऊन ओट्यावर बसला. सासूबाई दारात उभ्या होत्या. शेताकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"बइठकीले कोण गेलं होतं?"

नवरा पायातला एकुलता बूट काढू लागला.

"तुमी सारे कुठं होते?"

"ऐकायला शिकत होतो," मी म्हणाले. खोटं बोलायचं धैर्य झालं नाही.

त्यांनी भिंतीला टेकलेली काठी उचलली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी जाईन म्हणत होती," त्या म्हणाल्या, "पण तुमी म्हनलं, आई, आराम कर." आणि आत जाऊन पडल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

रविवारी समूहाने तातडीची सभा घेतली. सौर कुंपणापासून गाईंशी संवादापर्यंत सगळं बोलून झालं. शेवटी राखणीच्या पाळ्या ठरल्या. पहिली पाळी अध्यक्षांची. ते बांधावर खुर्ची टाकून लॅपटॉपवर मीटिंग घेत बसले आणि गुरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी आत गेली. चौथ्या दिवशी पाळ्या थांबल्या. महिनाभर गुरं रोज आली, कोवळं फुटलेलं खात राहिली, आणि नवरा रोज संध्याकाळी शेण गोळा करून खड्ड्यात टाकत राहिला. एकदा रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाला, "भात तं हाय ना आपला. पण नुसत्या भाताचं ताट कसं वाढू तिले? जिंदगीभर तेच तं खाल्लं तिनं. कोरडा भात, दुसऱ्याच्या बांधावर."

तळ्यापलीकडून तिवऱ्याची भाजी आणता आली असती. तो नको म्हणाला. दुसऱ्याच्या शेतातली भाजी तिने जन्मभर खुडली आहे.

समारंभ रद्द होणार नव्हता, कारण पत्रिका गेल्या होत्या. पौष पौर्णिमेला सकाळी मांडव पडला आणि दहा वाजता शहरातून केटररची गाडी आली. स्टीलचे डबे उतरले: पनीर, पुलाव, गुलाबजाम. प्रत्येक डब्यावर समूहाच्या एका ताईने सुंदर अक्षरांत 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी चिकटवली. "हे प्रतीकात्मक आहे," अध्यक्ष मला म्हणाले. गुलाबजाम कशाचं प्रतीक आहे हे मी विचारलं नाही.

प्रमुख पाहुणे एक मोठे अधिकारी होते. ते वेळेवर आले, त्यामुळे सगळ्यांची धांदल उडाली. अध्यक्षांनी बोलायला सुरुवात केली. माती, मुळं, माणूस. ते मुळांपर्यंत पोहोचले होते तेवढ्यात पाटीजवळून आरोळी आली, "छेरछेरा!"

आमच्या कुणाच्या लक्षातच नव्हतं. पौष पौर्णिमा हा इथला छेरछेरा. नवं धान घरात आलेलं असतं, आणि त्या दिवशी गावातलं कुणीही कुणाच्याही दारात जाऊन धान मागतं. मालक मजुराच्या दारात, मजूर मालकाच्या. मागणाऱ्याला लाज नसते आणि देणाऱ्याला मोठेपणा. पाटीपाशी पोरं, बाया, रोवणीला आलेल्या आठही जणी आणि मागे पहटिया, असे तीसेक लोक टोपल्या घेऊन उभे होते.

अध्यक्ष माइक बाजूला करून हिंदीत म्हणाले, "कार्यक्रम चल रहा है, बाद में आइए. और देखिए, हम यहाँ स्वावलंबन सिखा रहे हैं, माँगने को बढ़ावा नहीं..."

वाक्य पुरं झालं नाही. घरातून सासूबाई सूपभर धान घेऊन बाहेर आल्या होत्या. काठी नव्हती.

"नंतर काय या?" त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "आजच मागतेत. मी बी मागितलं हाय इकडच्याच गावात, क्वार्टरातून येऊन. द्याले पहिल्यांदा भेटून राहिलं, तं तुमी मधात नका येऊ."

त्या पाटीखाली उभ्या राहिल्या आणि एकेका टोपलीत ओंजळ ओंजळ टाकू लागल्या. सूप रिकामं झालं की नवरा भरून आणत होता. मांडवातले लोक काय करावं न कळून टाळ्या वाजवू लागले, मग थांबले. तेवढ्यात प्रमुख पाहुणे व्यासपीठावरून उतरले. ते महासमुंदकडच्या एका खेड्यातले निघाले. रांगेत पोरांच्या मागे उभे राहून त्यांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल दोन्ही हातांनी पसरला. "छेरछेरा, दाई." दाई म्हणजे आई.

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाकीच्यांना दिलं तेवढंच दिलं. सुटाबुटाकडे बघून मूठ सैल झाली नाही.

सगळ्यात शेवटी पहटिया आला. त्याने धान घेतलं आणि झाकण लावलेली एक कासंडी पुढे केली. आत मही होतं, घट्ट ताक. "तुंहर खेत के चारा म गाय मन बने दूध देवत हें, दाई," तो म्हणाला. तुमच्या शेतातल्या चाऱ्यावर गाई दूध छान देताहेत. त्यात टोमणा होता की आभार, मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही होतं.

सासूबाईंनी कासंडीत डोकावून पाहिलं. मग लेकाकडे वळल्या. "काहून रे, ताट वाढाचं होतं ना तुले?"

"आई, भातच हाय नुसता."

"हे काय हाय मंग?"

"हे त्याचं हाय. पहटियाचं."

"तिवरा कोणाचा?"

"आपला."

"कोण खाल्ला?"

"गाईनं."

"मंग दूध काय आभायातून पडलं? आपल्याच वावरातलं हाय, जराशी फिरून आलं. वाढ."

या युक्तिवादात खोट शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. तीस वर्षं ग्रंथालयात काढूनही मला ती सापडली नाही. पाहुणे म्हणाले, "बिल्कुल ठीक बोल रही हैं." अध्यक्ष डायरीत काहीतरी लिहू लागले. त्यांच्या पुढच्या भाषणात ते 'चक्राकार अर्थव्यवस्था' म्हणून आलं.

नवऱ्याने घराच्या ओट्यावर ताट वाढलं. आमच्या बांधीतला भात, त्यावर मही, कडेला गुरांनी सोडलेल्या दोन हिरव्या मिरच्या. मांडवात पनीरला रांग लागली होती. तो आईसमोर उकिडवा बसला, तिच्या तोंडाकडे बघत. साठी उलटलेला माणूस, अजून एका पायात गमबूट नीट बसलेला नाही. पहटियालाही सासूबाईंनी बसवून घेतलं आणि त्याच्यापुढे तसंच ताट ठेवायला लावलं.

त्यांनी भात कालवला. पहिला घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

"कसं लागते, आई?" त्याला राहवेना.

"थांब ना बाबा. खाऊ तं दे."

त्यांनी ताट संपवलं, पुन्हा भात मागितला, तोही संपवला. शेवटी ताटात पाणी ओतून बोटाने कडेचे कण गोळा केले आणि ते पिऊन टाकलं. मग म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

नवरा हसायला लागला आणि हसता हसता रडायला. सासूबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या पहटियाला विचारत होत्या, पुढच्या साली बैठक कधी असेल, धान कापल्यावर किती दिवसांनी, आणि बायांनी बसायची जागा पिंपळाच्या कोणत्या बाजूला.